लिफ्टमध्ये वजनकाटा नेऊन न्यूटनचा दुसरा नियम कसा तपासावा

लिफ्ट वर जाताना वजन वाढतं, असं बरेच जण ठामपणे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं काट्यालाच विचारू.

काटा स्प्रिंगचा, तबकडीवर आकडा दाखवणारा हवा. डिजिटल काटे बऱ्याचदा एकदा आलेला आकडाच धरून बसतात. इमारत निदान पाच-सहा मजली असावी आणि वेळ दुपारची, म्हणजे मध्येच कुणी बटण दाबणार नाही.

लिफ्ट थांबलेली असताना काट्यावर उभे राहा. समजा काटा ६० दाखवतो. तबकडीवर किलो छापलेलं असलं, तरी काट्याला कळतं ते बल: ६० × ९.८, म्हणजे ५८८ न्यूटन. पृथ्वी तुम्हाला तेवढ्या बलाने खाली ओढते आणि काटा तेवढ्याच बलाने वर रेटतो. निव्वळ बल शून्य. (ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे बरं का! दोन्ही बलं तुमच्यावरच आहेत. काट्याच्या रेट्याचा जोडीदार म्हणजे तुमच्या पायांनी काट्यावर दिलेला दाब. परीक्षेत इथे हमखास गुण जातात.)

आता मोबाईलवर तबकडीचा व्हिडिओ सुरू करा आणि सर्वात वरच्या मजल्याचं बटण दाबा. आकडा वाचायला वाकू नका. नुसत्या वाकण्यानेही काटा हलतो.

मग घरी बसून व्हिडिओ सावकाश पाहा. लिफ्ट सुटताना काटा उसळेल; ती पहिली उसळी सोडून द्या, तो जरा ठरतो तिथला आकडा घ्या. समजा ६४. जादा ४ किलो म्हणजे ३९.२ न्यूटन. त्याला वस्तुमानाने, ६० ने भागा: त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, सुमारे ०.६५ मीटर प्रति सेकंद वर्ग. न्यूटनने १६८७ साली मांडलेला दुसरा नियम तो हाच: निव्वळ बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण.

खरी गंमत मधल्या मजल्यांवर आहे. लिफ्ट वर चाललेली असते आणि काटा मुकाट ६० वर! वेग एकसारखा झाला की जादा बल लागतच नाही. वर पोहोचता पोहोचता आकडा ६० च्या खाली घसरतो.

उतरतानाही व्हिडिओ घ्या. सुटताना आकडा कमी होईल, तळमजल्यावर थांबताना मात्र पुन्हा ६० च्या वर जाईल. तेव्हा काट्याला दोष देऊ नका: खाली येणारी लिफ्ट थांबते, तेव्हा तिचं त्वरण वरच्या दिशेला असतं.