दिवाळीनंतर गरीवर चोणक पकडायचा तर
दिवाळी सरली की गोव्यातल्या मांडवी-शापोरा नद्यांचं गढूळ पाणी निवळतं, खारेपणा वाढतो आणि गरीवर (गळावर) चोणक हा खाडीतला मोठा मासा मिळण्याचे दिवस येतात. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. ओहोटीला खाजनातलं (बांध घातलेल्या खाडीकाठच्या जमिनीतलं) पाणी मानशीतून, म्हणजे बांधाच्या झडपेच्या दारातून, नदीत उतरतं, सोबत सुंगटं (कोळंबी) येतात. चोणक धारेच्या कडेला, संथ पाण्यात टपून असतो. म्हणून जिवंत सुंगट लावलेली गरी धारेच्या काठावर टाका आणि प्रवाहाबरोबर वाहू द्या. चोणकाच्या कल्ल्याची कड धारदार असते, म्हणून गरीजवळचा शेवटचा हातभर नायलॉन दोरा जाडच हवा. खूप मोठा चोणक लागला तर कृपा करून सोडा. हा मासा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मोठा चोणक ही बहुधा अंडी देणारी मादी. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो, तेव्हा तिथे आधी परवानगी घ्या.