करंजा ते जयगड : कोजागरीनंतर दोघांनी बोटीने कोकणात कसं उतरावं

नवी मुंबईहून कोकणात जायचं म्हटलं की पनवेल, पेण, वडखळचा रस्ताच डोळ्यांसमोर येतो. पण किनारा धरून दक्षिणेला जात राहिलं तर दर तीस-चाळीस किलोमीटरवर एक खाडी आडवी येते, आणि बहुतेक खाड्यांवर आजही लाँच नाहीतर जंगलजेटी (गाड्याही वाहून नेणारी बोट) चालते. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ आणि जयगड या पाच खाड्या बोटीने ओलांडायच्या, मधलं अंतर एसटीने नाहीतर रिक्षाने कापायचं आणि आठव्या दिवशी रत्नागिरीहून रेल्वेने परत यायचं, असा हा बेत आहे. स्वतःची गाडी लागत नाही. खरं तर ती नसलेलीच बरी, कारण करंजा-रेवसच्या लाँचवर चारचाकी चढत नाही आणि मग पहिल्याच दिवशी रस्त्याने वळसा घालावा लागतो.

या प्रवासाचं वेळापत्रक घड्याळावर बसत नाही, तिथीवर बसतं. त्यामुळे हॉटेल शोधण्याआधी भिंतीवरची दिनदर्शिका काढा.

भरतीची वेळ काढणं

किनाऱ्यावरच्या गावांत चालणारा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ४ × ३/४ = ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. दर दिवशी वेळ पाऊण तासाने, नेमकं सांगायचं तर सुमारे ५० मिनिटांनी, पुढे सरकते. तिथी सूर्योदयाची धरायची. उत्तर अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतं, म्हणून बेत पक्का करताना मुंबईच्या भरती-ओहोटीचा तक्ता इंटरनेटवर एकदा पाहून घ्या. दक्षिणेला जावं तशी भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते आणि पाण्याचा चढउतारही कमी होतो.

वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी किती सरकतं. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. भरतीला पाणी खूप चढतं, पण ओहोटीला तितकंच मागे जातं. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जायचं असेल तर उधाणाची ओहोटी हवी. लाँच गाळात अडकायला नको असेल तर नेमकी तीच टाळायची.

या दोन्ही अटी जुळवून पाहिल्या तर निघायचा दिवस वद्य द्वितीयाच ठरतो. कोजागरीनंतरची द्वितीया धरली तर वसुबारसेच्या आधी घरी परतता येतं आणि दिवाळीच्या गर्दीत, दुप्पट भाड्यात सापडत नाही. मात्र कोजागरी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येत असेल तर पाऊस पुरता गेलेला नसतो. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, आणि परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो. अशा वर्षी त्रिपुरी पौर्णिमेनंतरची द्वितीया धरावी. उकाडाही कमी असतो.

एक धोका दोन्ही वेळी राहतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे अरबी समुद्रातल्या वादळांचे महिने आहेत. ‘फयान’ वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं होतं. निघण्याआधी चार दिवस आणि पुढे रोज सकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की लाँच बंद, मग कुणाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

परतीचं तिकीट आधी, सामान नंतर

कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. रत्नागिरीहून पनवेल किंवा ठाण्याचं तिकीट त्याच दिवशी काढा. खोल्या मात्र पहिल्या दोन रात्रींच्याच ठरवा, कारण पुढच्या मुक्कामांना बोटीमुळे एखादा दिवस मागेपुढे होऊ शकतो आणि दिवाळीआधीच्या आडवारी घरगुती खोल्या सहज मिळतात. आठ दिवसांच्या या आराखड्यात एक मोकळा दिवस धरून ठेवा. नऊ दिवस हाताशी असले की जीव टांगणीला लागत नाही.

सामान माणशी एक पाठपिशवी, वजन आठ किलोच्या आत. चाकांची बॅग आणू नका. जेट्टीच्या पायऱ्यांवर चाकांचा उपयोग नाही, आणि लाँचमध्ये चढताना दोन्ही हात मोकळे लागतात. पिशवीच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून कपडे त्यात ठेवा. टाचेला पट्टा असलेल्या सँडल, टोप्या, माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं आणि दहा-वीस-पन्नासच्या नोटा. खाडीच्या तोंडाशी मोबाइलची रेंज जाते आणि क्यूआर कोड तिथेच लटकत राहतो. पाचही खाड्यांचं दोघांचं मिळून बोटभाडं साध्या खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याइतकंही होत नाही. एसटीत तर बाईंचं तिकीट अर्धं. महिला सन्मान योजना १७ मार्च २०२३ पासून चालू आहे, आणि तीत वयाची अट नाही.

बोटीत चढणं-उतरणं

दुखापत बहुधा इथेच होते, भर पाण्यात नव्हे. ओहोटीला जेट्टीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर हिरवं शेवाळ असतं. पायरीच्या मधोमध नव्हे, आतल्या कडेला पाय ठेवा. लाँच वर-खाली होत असते. ती वर येऊन क्षणभर थांबते तेव्हा पाय टाकायचा, खाली जाताना कधीच नाही. खलाशाने हात पुढे केला की त्याच्या हातात आपलं मनगट द्या, पिशवी नको. दोघांनी एकमेकांचा हात धरून एकदम चढू नये. एक घसरला की दुसराही जातो.

आत गेल्यावर आधी लाइफ जॅकेट शोधा. पट्टे तुटलेले नाहीत ना पाहा आणि घालून बसा. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला १८ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या अपघातानंतर हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. बोटीवर प्रवासीसंख्या लिहिलेली असते. त्याहून जास्त माणसं दिसली तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. घाई नाही म्हणून तर या वाटेने निघालात.

ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावर मध्यभागी, क्षितिज दिसेल असं बसावं. नाळेशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, हेलकावे जास्त आणि अगदी मागे डिझेलचा धूर. गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी तासभर घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली उलटीत जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि पाणी संथ असतं. दुपारी खारा वारा उठला की खाडीच्या तोंडाशी लाटा उसळतात. म्हणून शक्य तिथे खाडी दुपारच्या जेवणाआधी ओलांडा.

द्वितीया : उरण, करंजा, रेवस

नेरुळ किंवा बेलापूरहून उरण लोकल धरा. ठाणेकरांनी ट्रान्सहार्बरने नेरुळला येऊन गाडी बदलावी. खारकोपरच्या पुढे उरणपर्यंतचा मार्ग १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला आणि भाऊच्या धक्क्याचा फेरा वाचला. उरण मार्गावर गाड्या कमी आहेत. एक चुकली तर बराच वेळ फलाटावर काढावा लागतो. बेलापूर आणि नेरुळच्या जेट्टी देखण्या आहेत, पण तिथली सेवा कधी असते कधी नसते, तिच्यावर बेत बांधू नका.

उरण स्टेशनहून रिक्षाने करंजा बंदर. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे अकरा ते दोनमधली कोणतीही लाँच भरपूर पाण्यातून जाते. रेवसच्या बाजूला गाळ आहे. उधाणाच्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि फेऱ्या बंद ठेवाव्या लागतात. सकाळी साडेसातला करंजाला पोचण्याचा उत्साह दाखवलात तर बंदरावर चहा पीत बसाल. पलीकडे रेवसला एसटी किंवा मिनिडोर (सीटवर चालणारी मोठी रिक्षा), अलिबागपर्यंत. मुक्काम अलिबाग, नागाव किंवा चौल.

तृतीया ते षष्ठी

तृतीयेला ओहोटी सव्वाआठला, अजून उधाणाची. साडेसातला अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे चालू लागा, साडेनऊला परत निघा. पाणी परतताना आधी दोन्ही बाजूंच्या खळग्यांत भरतं, त्यामुळे मागची वाळू कोरडी दिसते आणि माणूस फसतो. उशीर झालाच तर पाण्यात उतरू नका, किल्ल्यात थांबा. दुपारी रेवदंड्याची तटबंदी पायी पाहून होते.

चतुर्थीला रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लई, काशीदमार्गे एसटीने मुरूड, आणि तिथून राजपुरीला जाऊन शिडाच्या होडीने जंजिरा. सकाळी अकराच्या आत पोचा. उन्हात किल्ल्याचा दगड तापतो आणि सावली फार थोडी. होडीवाले किल्ल्यात थांबायची वेळ बांधून देतात, म्हणून कलालबांगडी तोफ आधी, बाकी नंतर. मुक्काम मुरूडला. पंचमीला आगरदांड्याहून जंगलजेटीने दिघी, मग दिवेआगर. दिवसभर काही न करण्यासाठी या वाटेवर याहून चांगलं ठिकाण नाही.

षष्ठीला श्रीवर्धनवरून हरिहरेश्वर. देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर पायऱ्या उतरून खडकांवर जावं लागतं, आणि भरतीत तिथे लाटेने माणसं ओढली गेली आहेत. ओहोटी साडेदहाची. साडेनऊ ते साडेअकरा एवढाच वेळ धरा, आणि भांग जवळ आल्याने पाणी फार मागे गेलेलं नसेल, म्हणून देवळात विचारल्याशिवाय उतरू नका. फोटोसाठी समुद्राकडे पाठ करायची नाही.

तिथून बागमांडला जवळच. जंगलजेटीने सावित्री, म्हणजे बाणकोटची खाडी, ओलांडली की वेसवी, आणि रायगड संपून रत्नागिरी जिल्हा लागतो. इथे सगळ्यात जास्त खोळंबा होतो. वेसवीहून पुढे एसटी मोजक्या आहेत आणि वडाप (सीटवर चालणारी खासगी गाडी) भरल्याशिवाय सुटत नाही. बोटीवरच एखाद्या रिक्षावाल्याशी केळशी किंवा आंजर्ल्याचं भाडं ठरवून टाका. उतरल्यावर तोच भाव राहत नाही. दुपारी तीननंतर बागमांडल्याहून निघू नये. या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पलीकडचा रस्ता अंधारात नवख्यांचा नाही.

सप्तमी ते नवमी

सप्तमीला हर्णै. संध्याकाळी होड्या परतल्या की बंदरावर मासळीचा लिलाव लागतो. पाहायला जा, पण पाटीच्या आणि बोली लावणाऱ्या बायकांच्या मधे उभे राहू नका. अष्टमीला दापोलीमार्गे दाभोळ. धक्क्याजवळची जुनी दगडी मशीद पाहून जंगलजेटीने वाशिष्ठी ओलांडायची, पलीकडे धोपावे. पुढे गुहागरपर्यंत रिक्षा.

नवमीला गुहागर, हेदवी, तवसाळ. हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी खडकाच्या फटीतून उंच उडतं, पण भांगाच्या दिवसांत ते जेमतेम वर येतं. कुलाबा आणि बामणघळ दोन्ही एकाच फेरीत रंगात सापडणं कठीण. आमचं मत कुलाब्याला. तवसाळहून शेवटची जंगलजेटी, शास्त्रीच्या मुखावरून जयगड. या फेऱ्या बाकीच्यांहून विरळ असतात, म्हणून गुहागरहून निघण्याआधी मुक्कामाच्या मालकांना फोन करून विचारायला सांगा. जयगडहून मालगुंड, गणपतीपुळे करत रत्नागिरी.

तवसाळची बोट बंद असेल तर वळसा घालून रत्नागिरी गाठायचा हट्ट नको. गुहागरहून चिपळूण ४५ किलोमीटरच्या आसपास आहे, थेट एसटी मिळते, आणि मुंबईकडे जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या बऱ्याच गाड्या रत्नागिरीनंतर तिथे थांबतात. फक्त गाडी सुटण्याआधी निदान २४ तास, तिकिटावरचं चढण्याचं स्टेशन रत्नागिरीऐवजी चिपळूण करून घ्या. ते न करता चिपळूणला चढलात तर तोवर तपासनीसाने तुमची जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या कुणाला दिलेली असू शकते.