शेल्टरमधला कुत्रा की जातिवंत पिल्लू: कसं ठरवायचं

कुत्रा आणायचं पक्कं झालं की घरात पहिला वाद ठरलेला: शेल्टरमधून, म्हणजे बेवारस आणि सोडून दिलेले कुत्रे सांभाळणाऱ्या ठिकाणाहून, दत्तक घ्यायचा की चांगल्या ब्रीडरकडून, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची पैदास करणाऱ्याकडून, पिल्लू आणायचं? हा वाद बहुतेक वेळा तत्त्वावरून होतो, आणि कुत्रा मात्र पुढची दहा ते पंधरा वर्षं रोजच्या दिनक्रमात राहणार असतो. म्हणून आधी एक गोष्ट समजून घ्या. दोन्हीकडे तुम्हाला माहिती मिळते, पण वेगवेगळी.

शेल्टरमधल्या दीड-दोन वर्षांपुढच्या कुत्र्याचा वर्तमानकाळ तुमच्यासमोर असतो. आकार, केस, ताकद, माणसांशी आणि इतर कुत्र्यांशी वागणं, सगळं बघता येतं. त्याचा भूतकाळ बहुधा कुणालाच माहीत नसतो. जबाबदार ब्रीडरच्या पिल्लाचं उलटं असतं. आई-बाप, आजी-आजोबा, त्यांच्या तपासण्या, पहिल्या आठ आठवड्यांत पिल्लाला काय मिळालं, हे सगळं समजतं. ते मोठं होऊन नेमकं कसं निघेल हा मात्र अंदाजच राहतो. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाची ‘स्वभाव चाचणी’ घेऊन त्याचं मोठेपणीचं वागणं भरवशाने सांगता येत नाही.

यातून एक निष्कर्ष निघतो जो बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. सगळ्यात जास्त अनिश्चितता असते ती शेल्टरमधल्या दोन महिन्यांच्या पिल्लात. त्याचा भूतकाळही माहीत नाही आणि भविष्यही. पंजे मोठे म्हणजे कुत्रा मोठा होणार हा ठोकताळा अनेकदा फसतो, आणि नुसतं बघून जात ओळखताना अनुभवी माणसंही चुकतात. अशी पिल्लं जरूर घ्यावीत, त्यांना घराची फार गरज असते. पण घर लहान असेल, वयस्कर माणूस धक्क्याने पडेल अशी भीती असेल किंवा मांजर आधीपासून असेल, तर ‘लहान आहे, सवय होईल’ या आशेवर पिल्लू घेण्यापेक्षा स्वभाव कळलेला मोठा कुत्रा घेणं शहाणपणाचं.

आधी घरातल्या वेळाचा हिशोब

पिल्लाला शू किती वेळ धरता येते? वयाच्या महिन्यांत एक मिळवा, साधारण तितके तास, आणि तेही झोपेत. जागेपणी, खेळताना त्याहून खूप कमी. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दर तासा-दीड तासाने आणि रात्री एक-दोनदा बाहेर न्यावंच लागतं. दिवसातले अठरा ते वीस तास ते झोपतं. ती झोप मिळाली नाही की चिडचिडं होऊन जास्त चावतं. दुधाचे 28 दात पडून कायमचे 42 यायला सहा-सात महिने जातात, तोवर चपला, वायरी, फर्निचरच्या कडा सगळं तोंडात. घर रोज आठ तास रिकामं राहत असेल आणि मधे येणारं कुणी नसेल, तर पिल्लू कुठूनही आणू नका. निरोगी मोठा कुत्रा सवयीने सहा-आठ तास थांबू शकतो, पण त्यालाही पहिले काही आठवडे सोबत लागते.

पुढचा कठीण काळ सहा ते अठरा महिन्यांचा. शिकवलेलं विसरल्यासारखं वागणं, ओढणं, नव्याने घाबरणं हे या वयात नेहमीचं, आणि बरेच कुत्रे नेमके याच वयात सोडून दिले जातात. मोठा कुत्रा घेतला तर हा टप्पा मागे पडलेला असतो.

जातिवंत पिल्लू घेण्याची भक्कम कारणंही आहेत: मेंढ्या वळवण्यासारखं काम, ठरावीक खेळ, किंवा प्रौढपणीच्या आकाराची आणि केसांची बऱ्यापैकी खात्री हवी असणं. ॲलर्जी हे मात्र तितकं भक्कम कारण नाही. ॲलर्जी होते ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, आणि ती कमी-जास्त प्रमाणात सगळ्याच जातींत असतात. ज्या कुत्र्याला घरी आणणार त्याच्याच सोबत बंद खोलीत तास-दोन तास, वेगवेगळ्या दिवशी घालवून बघा.

शेल्टरमध्ये काय बघायचं

पिंजऱ्यातलं वागणं घरच्या वागण्याचा पुरावा धरू नका. सतत आवाज, अनोळखी वास, अपुरी झोप यात शांत कुत्रा दारावर उड्या मारतो आणि खेळकर कुत्रा कोपऱ्यात गोळा होऊन बसतो. त्याला बाहेर, शांत जागी भेटा. किमान दोनदा, वेगवेगळ्या दिवशी, आणि एकदा तरी घरातल्या सगळ्यांनी मिळून.

भेटताना अंगावर वाकू नका. थोडं बाजूला तोंड करून बसा आणि त्याला येऊ द्या. जवळ आला की छातीवर किंवा हनुवटीखाली तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. तो पुन्हा टेकला, नाकाने हात ढोसला, तर त्याला हवं आहे. मान वळवली, ओठ चाटले, जांभई दिली, अंग झटकलं, तर त्याला ते नको आहे किंवा तो ताणाखाली आहे; एवढ्यावरून नापास करू नका, वेळ द्या. सगळ्यात जपायचं ते एकदम ताठ होऊन थबकण्याला. तोंड बंद, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, शरीर हलत नाही. भुंकण्यापेक्षा हे गंभीर असतं, आणि भेटीगाठी करून देणाऱ्याला ते लगेच सांगा.

थोड्या अंतरावर किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर पाडा. दचकणं स्वाभाविक आहे. बघायचं ते सावरणं: काही सेकंदांत मान वर करून वास घ्यायला येतो का, की पुढची दहा मिनिटं भिंतीला चिकटून राहतो? दुसऱ्या प्रकारचा कुत्राही छान राहू शकतो, पण त्याला शांत घर आणि अनेक महिन्यांचा धीर लागेल. खाताना त्याच्या भांड्यात हात घालून ‘परीक्षा’ मात्र घेऊ नका. त्यातून फार काही कळत नाही, आणि शांत कुत्र्याला जेवणाची राखण करायला मात्र शिकवलं जातं.

कर्मचाऱ्यांना “चावतो का?” असं विचारलं की “नाही” असंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: शेवटचा कधी गुरगुरला आणि तेव्हा काय चाललं होतं? दात लागले असतील तर कातडी फुटली होती का? आधी कुणी नेऊन परत आणला का, कशामुळे? एकटा ठेवला की काय करतो? सध्या कुठलं औषध चालू आहे? कुत्रा फॉस्टर घरात, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणाऱ्याकडे, राहत असेल तर त्या माणसाशी बोलल्याशिवाय निर्णय घेऊ नका. घरात राहिलेल्या कुत्र्याबद्दलची त्याची दहा वाक्यं तुमच्या दोन भेटींपेक्षा मोलाची.

आणल्यावर दोन-चार दिवसांत पशुवैद्याकडे तपासणी करा. गोचिडांच्या भागात अर्लिकिया, ॲनाप्लाझ्मा, बबेसिया या गोचिडांतून पसरणाऱ्या जंतूंची रक्ततपासणी मागा. डासांच्या भागात हार्टवर्मची, म्हणजे डासांतून पसरणाऱ्या हृदयातल्या जंताची, चाचणी हवी, आणि ती सहा महिन्यांनी पुन्हा करावी, कारण लागण झाल्यावर साधारण सहा महिन्यांनीच ती सकारात्मक येऊ शकते. आजचा निकाल आज लागलेल्या लागणीबद्दल काहीच सांगत नाही. घरी दुसरा कुत्रा असेल तर पहिले दोन आठवडे दोघांची भांडी आणि जागा वेगळी ठेवलेली बरी. पार्वोची, म्हणजे आतड्यांच्या घातक संसर्गजन्य आजाराची, लक्षणं बहुधा तीन ते चौदा दिवसांत दिसतात, आणि त्याचा विषाणू जमिनीवर अनेक महिने टिकतो. साध्या साबणाने तो मरत नाही; फरशी आधी धुऊन मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी दहा मिनिटं राहू द्यावं लागतं.

पहिल्या दिवसांतली सगळ्यात वाईट दुर्घटना म्हणजे कुत्रा निसटून पळणं. नवं घर त्याला अजून आपलं वाटत नसतं, त्यामुळे हाक मारून तो परत येत नाही. बाहेर नेताना अंगाला नीट बसणारा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा दोन्ही, प्रत्येकाला वेगळी दोरी. गळपट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकीच सैल जागा. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) तुमच्या नावावर त्याच दिवशी करून घ्या. पाहुणे, अंघोळ, बाजारातली फेरी हे सगळं पुढे ढकला. पहिले तीन दिवस भांबावलेपण, तीन आठवड्यांत दिनक्रम अंगवळणी, तीन महिन्यांत खरा स्वभाव, असा शेल्टरवाल्यांचा ढोबळ अंदाज आहे. आधी अगदी शांत असलेला कुत्रा चौथ्या आठवड्यात दारावरच्या बेलला भुंकायला लागला तर तो बिघडलेला नसतो. त्याची भीड चेपलेली असते.

ब्रीडर पारखताना

वंशावळीचा कागद फक्त आई-बाप कोण ते सांगतो. आरोग्याबद्दल त्यात काहीच हमी नसते. “डॉक्टरांनी तपासलंय” यालाही फारसा अर्थ नाही. हृदयाचे ठोके ऐकले आणि जंताचं औषध दिलं, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो. तुम्हाला हव्यात त्या जातीनिहाय तपासण्या, आणि त्या आई आणि बाप दोघांच्या. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड: खुबा आणि कोपराचे एक्स-रे. डॉबरमन: हृदयाची सोनोग्राफी आणि चोवीस तासांचं होल्टर (अंगावर यंत्र लावून ठोक्यांची नोंद), कारण त्यांच्यात हृदयाचा स्नायू कमकुवत होण्याचा आजार बराच आढळतो. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल: हृदयाच्या झडपेची नियमित तपासणी. डाल्मेशियन: प्रत्येक पिल्लाची बहिरेपणाची चाचणी.

खुब्याच्या दोषासाठी एकच जनुक जबाबदार नसतं, म्हणून तिथे डीएनए चाचणी एक्स-रेची जागा घेऊ शकत नाही. अमेरिकेतली ओएफए ही संस्था खुब्याची अंतिम श्रेणी दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच देते. ब्रिटनमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून 0 ते 106 गुण असतात आणि जितके कमी तितकं चांगलं. एका जनुकाच्या, अप्रभावी प्रकारच्या (आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होणाऱ्या) आजारांत मात्र डीएनए चाचणी नेमकी असते. वाहक (एकच सदोष जनुक असलेला, स्वतः निरोगी) आणि निर्दोष अशी जोडी असेल तर कुठलंच पिल्लू त्या आजाराने आजारी पडत नाही. दोन वाहकांची जोडी लावली तर प्रत्येक पिल्लाला 25 टक्के धोका. म्हणून ‘वाहक’ हा शब्द बघून घाबरू नका, जोडी बघा. आणि आई-बाप एकमेकांचे कोण लागतात तेही विचारा: सख्ख्या भावंडांच्या जोडीत अंतःप्रजननाचा गुणांक (आई-बाप जितके जवळचे नातेवाईक तितका जास्त) 25 टक्के, सावत्रांत 12.5.

पग, फ्रेंच बुलडॉग, बुलडॉग यांच्या बाबतीत स्पष्ट सांगायला हवं. त्यांचा मुख्य त्रास कवटीच्या आकारातच आहे. तरीही घ्यायचंच असेल तर आई-बापांना तीन मिनिटं भरभर चालवून त्याआधी आणि नंतर श्वास ऐकणारी, 0 ते 3 श्रेणी देणारी चाचणी मागा. उघड्या नाकपुड्या आणि त्यातल्या त्यात लांब तोंड असलेली जोडी निवडा. घोरणं हा त्या जातीचा गोड गुण नव्हे. कुत्र्याला श्वास घ्यायला कष्ट पडत असतात.

आईला तिच्या जागेवर, पिल्लांसोबत बघा. बाप दुसरीकडे असू शकतो, त्यात संशयास्पद काही नाही. कुत्रीची गाभण अवस्था साधारण 63 दिवसांची, आणि पिल्लू आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नये. म्हणजे जोडी लागल्यापासून पिल्लू हाती येईपर्यंत चार महिने जातात. ज्याच्याकडे कधीही, कुठल्याही जातीचं पिल्लू तयार असतं, तो हे नीट करत असणं शक्य नाही. ‘दुर्मीळ रंग’, ‘टीकप’ (अगदी चिमुकला कुत्रा), वाटेत भेटून पिल्लू देण्याची तयारी, यांपैकी काही आलं की तिथेच थांबा. दोन मर्ल (फिक्या रंगावर गडद डागांच्या) रंगाच्या कुत्र्यांची जोडी लावली तर सरासरी चौथ्या हिश्श्याच्या पिल्लांत त्या रंगाचं जनुक दुहेरी येतं, आणि त्यांना बहिरेपणाचा व आंधळेपणाचा मोठा धोका असतो.

दया येऊन अशा ठिकाणचं आजारी पिल्लू विकत घेऊ नका. हे लिहिताना वाईट वाटतं, पण तुमच्या पैशाने त्या आईवर पुढचं वेत लादलं जातं. तक्रार करा, प्राणिकल्याण यंत्रणेला कळवा.

पिल्लाचा सामाजिक शिकण्याचा काळ तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंतचा. त्यातला निम्मा ब्रीडरकडे जातो, म्हणून तिथे पिल्लं घरात वाढतात की मागच्या शेडमध्ये, हे निर्णायक ठरतं. मिक्सरचा आवाज, वेगवेगळ्या फरश्या, लहान मुलं, अनोळखी माणसं त्यांनी अनुभवली का? उरलेला काळ तुमचा, आणि तिथे एक पेच आहे. आईकडून आलेली प्रतिकारद्रव्यं लसीला आड येतात, म्हणून लसीचा शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर द्यावा लागतो. तोवर हा काळ संपलेला असतो. तेव्हा कडेवर घेऊन जग दाखवा, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांना भेटवा, पण अनोळखी कुत्र्यांच्या वावराच्या जागी जमिनीवर सोडू नका. शेल्टरच्या पिल्लालाही हेच लागू.

कुठलं पिल्लू घ्यायचं ते ब्रीडरला सुचवू द्या. त्याने आठ आठवडे पाहिलं आहे, तुम्ही अर्धा तास. एकाच वेताची दोन पिल्लं एकदम नेऊ नका. ती माणसांपेक्षा एकमेकांवरच जास्त विसंबतात, आणि दोघांना वेगवेगळं शिकवायला दुप्पट वेळ लागतो.

दोन्हीकडे एक अट लेखी मागा: कुठल्याही वयात, कुठल्याही कारणाने जमलं नाही तर कुत्रा परत घेणार का? चांगलं शेल्टर आणि चांगला ब्रीडर यांची उत्तरं इथे सारखी असतात. दोघंही तुम्हालाच उलट बरेच प्रश्न विचारतात.

आणखी एक वाट फारशी कुणाला सुचत नाही. जबाबदार ब्रीडर पाच-सहा वर्षांच्या कुत्रीला प्रजननातून निवृत्त करून तिला चांगलं घर शोधतात, आणि ठरावीक जातींचे सोडलेले कुत्रे सांभाळणारे रेस्क्यू गटही असतात. ब्रीडरकडच्या अशा कुत्रीचे वंश आणि तपासण्या कागदावर असतात, आणि स्वभाव तुमच्यासमोर. तिला जिने, रहदारी, एकटं राहणं यांची सवय आहे का आणि तिची नसबंदी झाली आहे का, एवढं विचारून घ्या. आयुष्यभर कुत्र्यांच्या घोळक्यात राहिलेली असेल तर पहिले काही आठवडे तिला रात्री तुमच्याच खोलीत झोपवा.