जीपीएच्या आधी ट्रान्सक्रिप्ट वाचा

अमेरिकेतली आपली मुलं कॉलेजच्या अर्जाबद्दल विचारायला येतात, तेव्हा मी आधी ट्रान्सक्रिप्ट (नववीपासूनचे विषय आणि त्यांचे ग्रेड यांची नोंद) मागते, जीपीए (ग्रेडची सरासरी) नंतर. निवडक कॉलेजं आकड्याबरोबर विषयही बघतात. शाळेत एपी कॅल्क्युलस (एपी म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) असताना मुलाने सोपं गणित घेतलं, हे त्यांना कळतं, कारण शाळेचा काउन्सेलर शाळेची प्रोफाइलही (तिथे कोणते विषय मिळतात ते सांगणारी माहिती) पाठवतो. शाळेत एपी नसेलच, तर तो दोष मुलाच्या माथी येत नाही.

म्हणून नववीतच चारही वर्षांचे विषय कागदावर मांडा. कठीण घ्या, पण झेपतील तेवढेच. पाच-पाच एपी घेऊन झोप उडालेली मुलं पाहिली की जीव तुटतो.

दहावीत केमिस्ट्रीला सी आला? अकरावीत फिजिक्सला बी, मग ए, असा चढ दिसू द्या. आजारपण किंवा घरची अडचण असेल, तर कॉमन ॲपच्या (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जाच्या) ‘अतिरिक्त माहिती’ या भागात तीन-चार वाक्यांत सरळ सांगा.

कॅलिफोर्निया विद्यापीठ नववीचे ग्रेड जीपीएत धरत नाही. तरी त्यांच्या ए-जी विषयांत (प्रवेशासाठी त्यांनी सक्तीच्या केलेल्या शालेय विषयांत) नववीतही किमान सी लागतोच.

बारावीत ढिलाई नको. कॉलेजांकडे मिड-इयर रिपोर्ट (बारावीच्या अर्ध्या वर्षाचे ग्रेड) जातो, शेवटचा ट्रान्सक्रिप्टही जातो. ग्रेड कोसळले तर मिळालेला प्रवेश काढून घेतला जाऊ शकतो.