उस्तादांच्या मागे राहिलेली हत्यारे आणि सुटे भाग कसे आवरावेत

ज्यांच्या हाताखाली आपण गाडीचे काम शिकलो ते उस्ताद गेले आणि त्यांची हत्यारे, साठवलेले सुटे भाग आपल्याकडे आले, की सगळे बाहेर काढून रॉकेलने धुवावे आणि नीट लावून ठेवावे असे वाटते. काही दिवस तरी तसे करू नये. जुन्या मेकॅनिकच्या खणात वस्तूंइतकीच त्यांची मांडणीही मोलाची असते. कोणता पाना कोणाच्या शेजारी आहे, कोणता भाग कशात गुंडाळला आहे, कोणत्या दोन वस्तू तारेने एकत्र बांधल्या आहेत, यात त्यांच्या कामाची अशी नोंद असते जी दुसरीकडे कुठेही लिहिलेली नसते.

माझ्या हातून ही नोंद एकदा पुसली गेली. डिफरन्शियलच्या (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दातेरी यंत्रणेच्या) बेअरिंगला लागणाऱ्या शिम, म्हणजे जाडी जुळवायच्या पातळ चकत्या, माझ्या उस्तादांनी दोन कागदी पुड्यांत ठेवल्या होत्या. एका पुडीवर पेन्सिलीने ‘डा’ आणि दुसरीवर ‘उ’ लिहिले होते. मी पुड्या सोडल्या, कागद टाकून दिले आणि साऱ्या शिम एकाच डब्यात धुतल्या. मायक्रोमीटरने प्रत्येक शिमची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत कळली, पण कोणती डावीकडची आणि कोणती उजवीकडची हे कोणत्याही मापाने कळणार नव्हते. क्राउन आणि पिनियन या डिफरन्शियलमधल्या दोन दातेरी चाकांमधली मोकळीक मला पहिल्यापासून बसवावी लागली. त्याचे वाईट मला अजूनही वाटते, कारण ते काम त्यांनी करून ठेवलेलेच होते.

म्हणून पहिल्या दिवशी कशालाही हात न लावता प्रत्येक खणाचा, फळीचा आणि डब्याचा उघडताक्षणीच फोटो घ्यावा. त्यानंतर घरच्या माणसांसोबत बसून यादी करावी. त्यांना आठवण म्हणून एखादी वस्तू ठेवायची असेल तर ती आधी त्यांनी निवडावी. दुरुस्तीला आलेला एखाद्या ग्राहकाचा कार्ब्युरेटर किंवा डायनॅमोही त्या पसाऱ्यात असू शकतो. त्याच्या मालकाचा शोध घेऊन तो परत करावा.

सुटे भाग वेगळे करताना जोड्या फोडू नयेत, हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि बहुधा दोन्हींवर एकच जुळणी क्रमांक कोरलेला असतो. त्यांतला एक हरवला तर दुसरा जवळजवळ निरुपयोगी ठरतो. कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याची) टोपी त्याच रॉडला आणि त्याच बाजूने बसली पाहिजे, कारण दोन्हींचे भोक एकत्र जुळवूनच कापलेले असते. वापरलेला कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) आणि त्याचे टॅपेट (त्यावर टेकणारे छोटे भाग) एकमेकांवर झिजलेले असतात, त्यामुळे टॅपेट ज्या क्रमाने सापडले त्याच क्रमाने क्रमांक घालून ठेवावेत. मूळ वेष्टनातले नवे बेअरिंग ‘एकदा पाहू’ म्हणून उघडू नये. त्याचा क्रमांक वेष्टनावर असतोच, आणि तेवढ्यावरून मापही काढता येते: 6204 असेल तर शेवटच्या 04 ला 5 ने गुणून आतले भोक 20 मिलिमीटर येते.

रबरी भागांच्या बाबतीत माया आवरावी लागते. ब्रेक सिलिंडरचे कप, होज पाइप आणि ऑइल सील नुसत्या साठवणुकीनेही कडक होतात किंवा चिरतात, म्हणून ते नमुना म्हणून ठेवावेत, गाडीत बसवू नयेत. जुन्या ब्रेक लायनिंग आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. त्यांच्यावरची धूळ हवेने उडवू नये, त्यांना कानस किंवा पॉलिश पेपर लावू नये. ओल्या करून जाड पिशवीत बंद कराव्यात आणि घातक कचऱ्यात द्याव्यात.

आता पाने. सारखे दिसणारे तीन पाने तीन वेगळ्या मापांचे असू शकतात. इंची पान्यावरचे 1/2 हे नटच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर असते, म्हणजे 12.7 मिलिमीटर. मेट्रिक पाना 13 चा असतो. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या पान्यावर मात्र नटचे नव्हे, तर बोल्टच्या दांड्याचे माप असते, त्यामुळे 1/4 लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचे तोंड सुमारे 13.3 मिलिमीटर भरते. हे तिन्ही एकाच डब्यात टाकले तर कधीतरी नटचे कोपरे गोल होणारच. व्हर्नियरने तोंड मोजून तिन्ही पद्धतींचे पाने वेगळे लावावेत.

गंजलेले पाने रॉकेल आणि तारेच्या ब्रशने साफ करून, पूर्ण कोरडे करून तेलाचा हलका हात फिरवला की पुरते. कानशीला मात्र तेल लावू नये, ती घसरते. छन्नीचे डोके ठोकून ठोकून फुलले असेल तर ग्राइंडरवर सरळ करावे, नाहीतर त्याची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळण्याचा) सर्वांत खालच्या मापावर आणून ठेवावा आणि तपासून घेतल्याशिवाय हेडचे बोल्ट त्याने आवळू नयेत. जुना जॅक वजन धरतो असे दिसले तरी घोडी (गाडी टेकवायचा पक्का आधार) लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये.

शेवटी उरतात ती उस्तादांनी स्वतः बनवलेली हत्यारे. माझ्याकडे 14 चा एक रिंग पाना आहे, जो मधोमध तापवून जवळजवळ काटकोनात वाकवला आहे. वाकणापाशी तापल्याची निळसर झाक अजून दिसते आणि एका बाजूची कड घासून पातळ केलेली आहे. पहिल्यांदा पाहताना तो भंगारातला वाटला. इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथे सरळ पाना फिरायला जागाच मिळत नाही, तिथला एक नट त्याने सुटतो, हे मला त्यांच्या दुसऱ्या शागिर्दाने सांगितले. अशी वस्तू ओळखू येत नसेल तर टाकून देऊ नये. त्यांच्याबरोबर काम केलेल्यांना आणि जुन्या ग्राहकांना दाखवून विचारावे. उत्तर मिळाले की कोणत्या गाडीच्या कोणत्या नटासाठी, हे लगेच नोंदवावे. कागदाची चिठ्ठी तेलाने विरते, म्हणून अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या पट्टीवर पंचाने अक्षरे ठोकून ती पट्टी तारेने हत्याराला बांधावी.