जवानांमधला मेलिओइडोसिसचा संपर्क मोजताय? या चुका टाळा

मेलिओइडोसिस हा ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहणाऱ्या बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय या जिवाणूचा आजार. चिखलात सरपटणारा, पावसात खंदक खणणारा जवान त्याला सहज सापडतो. संपर्क किती झाला हे पाहायला बहुतेक ठिकाणी आयएचए (इनडायरेक्ट हिमॅग्लुटिनेशन) चाचणी करतात, म्हणजे जिवाणूचं प्रतिजन (शरीर ज्याला ओळखतं तो जिवाणूचा अंश) चढवलेल्या मेंढीच्या रक्तपेशी आणि जवानाचा सीरम (रक्तातला पेशींविना द्रव) एकत्र करायचे; सीरममध्ये त्या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडं असली तर पेशी एकमेकींना चिकटतात. मोठं यंत्र लागत नाही, खर्च कमी. सोपी आहे म्हणूनच घाई करणारे तिची पार वाट लावतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकदाच रक्त घेणं. सराव संपला की जवान रांगेत उभे करायचे, प्रत्येकी 5 मिली रक्त काढायचं आणि ‘इतके टक्के पॉझिटिव्ह’ असा अहवाल ठोकून द्यायचा. लागण सरावात झाली की भरतीच्या आधीच, हे त्या आकड्यावरून कळूच शकत नाही. खानदेशातली भरती घ्या. नवापूरकडचं पोरगं लहानपणापासून भातलावणीच्या चिखलात उभं राहिलेलं, तर अमळनेरचं कोरडवाहू कापसाच्या रानातलं. दोघांना एकाच मापाने कसं मोजणार? म्हणून सरावापूर्वी एक नमुना आणि सरावानंतर तीन-चार आठवड्यांनी दुसरा. पहिल्याचा सीरम उणे 20 अंशांवर गोठवून ठेवा आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, पेशींच्या एकाच बॅचने लावा. टायटर म्हणजे सीरम किती पट पातळ केला तरी चाचणी पॉझिटिव्ह येते तो आकडा; प्लेटच्या प्रत्येक पुढच्या खाच्यात सीरम दुप्पट पातळ असतो. टायटर चौपट, म्हणजे दोन खाचे पुढे, गेला तरच वाढ माना. एका खाच्याचा फरक हाताच्या चुकीनेही पडतो. ‘मातीशी संबंध आला का?’ असा प्रश्न तर विचारूच नका, शेतकऱ्याचा मुलगा हो म्हणणारच. अनवाणी किती दिवस, पायाला जखम होती का, पाणी कुठल्या विहिरीचं, मागच्या वर्षी नेमणूक कुठे, असं विचारा.

दुसरी चूक उसन्या कट-ऑफची, म्हणजे ज्या टायटरपासून पॉझिटिव्ह धरायचं त्या आकड्याची. ऑस्ट्रेलियात 1:40 चालतो, थायलंडमध्ये 1:160 धरतात. ईशान्य थायलंडात निरोगी माणसांच्या रक्तातही प्रतिपिंडं भरपूर सापडतात, कारण हा जिवाणू तिथल्या मातीत सर्रास आहे आणि त्याचा निरुपद्रवी भाऊ बर्खोल्डेरिया थायलंडेन्सिसही. आपल्याकडे यातला कुठलाही आकडा डोळे मिटून लावू नका. मातीत काम न करणाऱ्या आणि करणाऱ्या स्थानिक निरोगी लोकांचे टायटर आधी वेगवेगळे काढा. अहवालात नुसती टक्केवारी नको, 1:10 पासून प्रत्येक पायरीवर किती जवान आहेत तो तक्ता द्या. सरासरी काढायचीच असेल तर भूमितीय.

पॉझिटिव्ह म्हणजे अंगात जिवाणू दबा धरून बसलेला, असं समजणारे इतिहास विसरतात. व्हिएतनाममध्ये गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे सव्वादोन लाखांना सुप्त संसर्ग झाला असावा, असा अंदाज रक्तपाहणीवरून बांधला गेला आणि त्याला ‘टाइम बॉम्ब’ म्हटलं गेलं. प्रत्यक्षात मायदेशी आजार उफाळलेले फारच थोडे. दुसऱ्या महायुद्धातल्या एका युद्धकैद्याला 62 वर्षांनी आजार झाल्याची नोंद आहे खरी, पण ती अपवाद म्हणूनच प्रसिद्ध आहे. टायटर संपर्काची खूण दाखवतो, रोग नाही.

आता टेबलावरच्या चुका. सीरम 56 अंशांवर 30 मिनिटं तापवायचा कंटाळा करू नका. प्रतिजन न चढवलेल्या पेशींचा कंट्रोल खाचा प्रत्येक सीरमला हवाच. तिथेही गुठळी झाली तर तो निकाल बाद. तळाशी घट्ट बटण म्हणजे निगेटिव्ह, पसरलेली चादर म्हणजे पॉझिटिव्ह. वाचण्याआधी प्लेट हलवलीत तर पुन्हा पहिल्यापासून. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा अख्खं रक्त गाडीत फिरवू नका आणि बर्फाला चिकटवूनही ठेवू नका. रक्तपेशी फुटतात. रक्त साकळलं की जागेवरच सीरम वेगळा करा.

मातीही तपासायची असेल तर भेगाळलेल्या काळ्या जमिनीवरची वरवरची मूठभर माती कामाची नाही. 30 सेंटीमीटर खोल जा, दर खड्ड्यातून 10 ग्रॅम घ्या आणि एका शेतात 2.5 मीटर अंतराने 100 खड्डे.

तापाने फणफणलेल्या जवानाला मात्र आयएचएच्या भरवशावर ठेवू नका. गंभीर रुग्णातही ती सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते. रक्त, पू, लघवी आणि घशाचा नमुना कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून पाहायला, पाठवा. ‘मेलिओइडोसिसचा संशय’ असं चिठ्ठीवर लिहा, म्हणजे प्रयोगशाळा हा जिवाणू वेगळा वाढवण्यासाठीचं अॅशडाउन माध्यम वापरेल आणि काम सुरक्षा कॅबिनेटमध्ये करेल. नाहीतर ‘स्यूडोमोनस, बहुधा बाहेरची घाण’ म्हणून प्लेट फेकली जाते. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोन्ही प्रतिजैविकांना न जुमानणारा, पण को-अमॉक्सिक्लॅव या तिसऱ्याला बळी पडणारा जिवाणू दिसला की प्लेट फेकण्याआधी थांबा.