गुन्हा दाखल झाल्याची बातमी लिहिताय? मग अब्रूनुकसानीचं एवढं बघून घ्या

समजा पतसंस्थेत दोन कोटींचा अपहार झाला, अध्यक्षावर गुन्हा दाखल झाला आणि तुम्हाला बातमी टाकायचीय. न्यूज पोर्टलवर टाका नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर, अब्रूनुकसानीचं कलम तेच लागतं, आधी आयपीसी म्हणजे भारतीय दंड संहितेचं ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद.

आधी एफआयआरची कॉपी मिळवा. सुप्रीम कोर्टाने २०१६ लाच सांगितलंय की लैंगिक गुन्हे वगैरे संवेदनशील प्रकरणं सोडली तर एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकायच्या, मग 'सूत्रांच्या माहितीनुसार' कशाला लिहायचं?

आता हेडिंग. 'अध्यक्षाने दोन कोटी लाटले' असं लिहिलं की ते तुम्ही म्हणताय, उद्या कोर्टात पुरावा तुम्हीच द्यायचा. 'दोन कोटींच्या अपहारप्रकरणी अध्यक्षावर गुन्हा' असं करा आणि पहिल्याच वाक्यात फिर्याद कोणाची ते सांगा, म्हणजे लेखापरीक्षकांनी फिर्याद दिली, अमुक पोलीस ठाणे, अमुक कलमं. अटक झाली नसेल तर 'अटक' लिहू नका, चौकशीला बोलावलं म्हणजे अटक नव्हे. आणि 'कथित' चिकटवलं की सुटलो असं समजणारे बरेच आहेत, वर 'कथित' आणि खाली 'हा भामटा' लिहिलं तर काय उपयोग?

कोर्टात जे घडलं त्याचा बऱ्यापैकी खरा वृत्तांत दिला तर कायद्यात अपवाद आहे, पण इन्स्पेक्टर साहेब चहा घेताना जे बोलले त्याला तो लागू नाही असंच धरून चाला. खरं असलं की झालं असंही नाही हं, फौजदारी केसमध्ये खरं आणि वर लोकहिताचं, दोन्ही दाखवावं लागतं, त्यामुळे आरोपीच्या बायकोचं माहेर, पोरीचं लग्न हे सगळं बातमीतून काढा.

फोटो दोनदा तपासा. २००८ मध्ये टाइम्स नाऊने गाझियाबादच्या पीएफ घोटाळ्याच्या बातमीत नावाच्या साधर्म्यामुळे माजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो काही सेकंद दाखवला, त्यांचा काडीचा संबंध नव्हता, आणि २०११ ला पुण्याच्या कोर्टाने १०० कोटींची भरपाई ठोठावली. फेसबुकवरून फोटो उचलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नाव, गाव, शाळा काहीच नको, आरोपी अल्पवयीन असेल तर त्याचंही नाही.

छापण्याआधी आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला फोन करा, उचलला नाही तर मेसेज टाका आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. पुढे तो निर्दोष सुटला तर जुन्या लिंकवरच सगळ्यात वर तारखेसह अपडेट टाका, कारण गुगलवर नाव शोधणाऱ्याला पहिली तीच बातमी दिसते.